पाचव्या महिन्याची सोनोग्राफी आणि वारेची एक ओळ: कोकणातल्या सेवेचं परीक्षण

"प्लॅसेंटा अँटीरियर, ग्रेड वन, नॉट लो लाइंग." पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीच्या तीन पानी रिपोर्टात बाळाच्या मेंदूला सात-आठ ओळी मिळतात, हृदयाला जवळपास तेवढ्याच, मणक्याला दोन, आणि वारेला, म्हणजे प्लॅसेंटाला, ही एक: वार पुढच्या भिंतीवर, खाली नाही. ज्या अवयवावर बाळ नऊ महिने जगतं आणि जो सुटताना बाईचं रक्त सर्वांत जास्त जाऊ शकतं, त्याची बोळवण एवढ्यात होते. हे परीक्षण त्या एका ओळीचं आणि ती वाचून पुढे जी हालचाल व्हायला हवी तिचं आहे. कुठल्या एका सेंटरचं नव्हे. महाडपासून सावंतवाडीपर्यंत बाई ज्या साखळीतून जाते, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचं सोनोग्राफी सेंटर, उपजिल्हा रुग्णालय, जिल्ह्याचं मोठं रुग्णालय आणि गरज पडली तर घाटापलीकडचं कोल्हापूर, खाली गोव्यातलं बांबोळी किंवा वर मुंबई, त्या सगळ्या साखळीचं.

आधी चांगलं सांगतो. वार खाली आहे की नाही, हे तालुक्याच्या सेंटरवर बहुतेक वेळा बरोबर पकडलं जातं. मशिनं आता बरी आहेत, कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोय, जवळपास सगळीकडे आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी होते, तिथे जोखमीच्या बायका वेगळ्या काढल्या जातात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात तपासण्या, औषधं, रक्त आणि वाहन मोफत आहे. एफ फॉर्म, ओळखपत्र, सही हे सोपस्कार गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याचे आहेत, त्यांवर चिडण्यात अर्थ नाही. पकडण्याला पाचपैकी साडेतीन द्यायला हरकत नाही.

लिहिण्याला मात्र दीडच.

त्या ओळीत चार गोष्टी असायला हव्यात. एक, वारेची खालची कड गर्भपिशवीच्या तोंडापासून किती मिलिमीटरवर आहे. दोन, नाळ वारेच्या मध्यात जोडलेली आहे, कडेला आहे की वार सोडून पाणमोटीच्या नुसत्या पडद्यात. तीन, पिशवीच्या तोंडावरून एखादी रक्तवाहिनी जाते का. चार, आधीचं सिझर असेल तर वार त्या जुन्या शिवणीवर बसली आहे का. कोकणातल्या बहुसंख्य रिपोर्टांत यांतल्या पहिलीचं उत्तर शब्दांत असतं, आकड्यात नसतं, दुसरी-तिसरी नसतेच, चौथीचं उत्तर कधी असतं, कधी नसतं. त्याऐवजी ग्रेड असते. ग्रेड म्हणजे वारेत चुना किती साचला त्याचा अंदाज. त्यावरून रक्तस्राव होईल की नाही हे कळत नाही, आणि नातेवाईक मात्र "ग्रेड वाढली" म्हणून घाबरतात. ही जागा अंतराला दिली असती तर उपयोग झाला असता.

अंतराचं गणित सोपं आहे. वार पिशवीच्या तोंडाला टेकली किंवा तोंड झाकलं तर ती प्रिव्हिया. कड २० मिलिमीटरच्या आत पण तोंडावर नाही, तर ती खाली असलेली वार. २० किंवा त्याहून जास्त असेल तर ठीक. ही विभागणी २०१४ पासून रुळली आहे, तरी "ग्रेड थ्री प्रिव्हिया", "मार्जिनल" असे जुने शब्द अजून लिहिले जातात. ते वाचणारा रात्री दोन वाजता दुसऱ्याच तालुक्यात ड्युटीवर असतो. त्याला शब्द नको असतात, आकडा हवा असतो.

विसाव्या आठवड्यात "वार खाली आसा" असं ऐकून घरी आलेल्या दहांतल्या सुमारे नऊ जणींची वार शेवटपर्यंत वर गेलेली असते. ती चालत जात नाही. पिशवीचा खालचा भाग शेवटच्या तिमाहीत ताणून लांब होतो, त्यामुळे कड तोंडापासून दूर होते, आणि जिथे रक्तपुरवठा कमी तिथली वार सुकते, जिथे जास्त तिथे वाढते. म्हणून पुन्हा बघायचं ते ३२ व्या आठवड्याला. तरीही खालीच असेल तर ३६ व्याला. वार तोंडावरून पलीकडे जितकी जास्त गेलेली असेल तितकी ती वर सरकण्याची शक्यता कमी. आधी सिझर झालं असेल तर आणखी कमी, कारण शिवणीवर बसलेली वार तिथून सुटत नाही. पाचव्या महिन्यातच "सिझरच करावं लागेल" असं सांगणारी सेवा घाईची, आणि "काही नाही, सगळ्यांची वर जाते" म्हणून ३२ व्या आठवड्याची तारीख न देणारी सेवा धोक्याची. दुसरी जास्त आढळते.

आता आतून करायच्या सोनोग्राफीबद्दल. पोटावरून बघताना दोन फसवे प्रकार होतात. लघवीची पिशवी गच्च भरलेली असेल तर ती गर्भपिशवीच्या खालच्या भागाच्या पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींवर दाबते आणि वर असलेली वार तोंडावर आल्यासारखी दिसते. खालचा भाग आकसलेला असताना बघितलं तरी तसंच होतं. अर्ध्या तासाने परत बघितलं की चित्र बदलतं. उलट वार मागच्या बाजूला असेल तर बाळाच्या डोक्याची सावली तिच्यावर पडते आणि खाली असलेली वार निसटते. यावर उपाय एकच, लघवी करून येऊन आतून सोनोग्राफी. सोनोग्राफीची पट्टी (प्रोब) पिशवीच्या तोंडात जात नाही, तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर अलीकडे कोनात थांबते. वार खाली असतानाही ती सुरक्षित आहे, आणि मिलिमीटरमधलं अंतर विश्वासाने तिथेच मिळतं.

इथे भाषेचा घोटाळा आहे आणि तो जीवावर बेततो. "आतून तपासायचं नाही" असा नियम बायकांनी ऐकलेला असतो, आशाताईंनीही सांगितलेला असतो. तो नियम बोटांनी करायच्या तपासणीचा आहे. अंगावरून रक्त जात असेल आणि वार कुठे आहे हे ठाऊक नसेल तर बोटं आत घालायची नाहीत, कारण वारेत बोट गेलं तर रक्ताचा लोंढा येतो. तोच नियम सोनोग्राफीच्या पट्टीला लावला जातो आणि सासूबाई दारातूनच नको म्हणतात. सेंटरवरच्या ताईंनी दोन वाक्यांत हा फरक सांगितला तर नकार कमी होतात. बऱ्याच ठिकाणी सांगण्याऐवजी टाळलं जातं, कारण त्यात वेळ जातो आणि रांग बाहेर असते.

वासा प्रिव्हिया हा सगळ्यांत क्रूर प्रकार. त्यावर जरा थांबायला हवं.

यात नाळेतल्या रक्तवाहिन्या वारेच्या आधाराशिवाय, नुसत्या पडद्यातून, पिशवीच्या तोंडावरून किंवा अगदी जवळून जातात. एक तर नाळच पडद्यात जोडलेली असते, किंवा वारेचे दोन तुकडे असतात आणि त्यांना जोडणारी वाहिनी तोंडावरून जाते. वर म्हटलं तसं वार वर सरकते, पण कधी तिची एखादी वाहिनी मागे राहून जाते. म्हणून "वार आता वर गेली" म्हटल्यावर तिथेच परत एकदा कलर लावून बघणं हा शहाणपणा. पाणमोट फुटली की ती वाहिनी फाटते, आणि जाणारं रक्त बाईचं नसतं, बाळाचं असतं. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या थोडं वर रक्त असतं. बाईला त्रास जाणवत नाही, नाडी-बीपी उत्तम, आणि बाळाचे ठोके काही मिनिटांत कोसळतात. अशा वेळी तालुक्यात ऑपरेशन थिएटर सुरू करायला लागणारा वेळही जास्त होतो.

२००४ साली प्रसिद्ध झालेल्या १५५ गर्भारपणांच्या अभ्यासात आधी निदान झालेल्यांपैकी ९७ टक्के बाळं वाचली, न झालेल्यांपैकी ४४ टक्के. वाचवणारं शस्त्र म्हणजे पाचव्या महिन्यात दोन मिनिटं कलर डॉपलर. करायचं काय: पट्टी पिशवीच्या तोंडावर सरळ धरायची, कलर लावायचा, मशिनवरची वेगाची मर्यादा कमी करायची म्हणजे मंद प्रवाहही दिसेल, आणि तोंडावर रंग दिसला की पल्स डॉपलर लावून ठोके मोजायचे. मिनिटाला १२० ते १६० म्हणजे वाहिनी बाळाची. आईच्या नाडीइतके म्हणजे पिशवीच्या तोंडाची स्वतःची. नाळेचा सुटा वेढा तिथे आला असेल तर बाईला कुशीवर वळवून, थोडं चालवून परत बघायचं. वेढा सरकतो, वासा प्रिव्हिया जागेवरच असतो. ज्यांची वार पाचव्या महिन्यात खाली आहे, जुळी आहेत, आयव्हीएफने दिवस गेलेत, वार दोन भागांत आहे किंवा नाळ पडद्यात जोडलेली आहे, त्यांच्यात हे न पाहणं म्हणजे सेवेतली चूक, सवलत नव्हे.

सापडलं तर पाचांतल्या एकीच्या आसपास ते आपोआप सुटतं, म्हणून ३२ व्या आठवड्याला पुन्हा खात्री. राहिलंच तर ३० ते ३२ आठवड्यांच्या सुमारास दवाखान्यात दाखल होण्याचा विचार, बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइड, आणि कळा किंवा पाणमोट फुटण्याआधी ३४ ते ३६ आठवड्यांत ठरवून सिझर. ज्या रुग्णालयात रात्रीही थिएटर, भूलतज्ज्ञ आणि नवजात बाळाचा अतिदक्षता कक्ष आहे तिथेच. मालवणच्या एखाद्या वाडीतून "दुखायला लागलं की येऊ" हे इथे चालत नाही.

दुसरा जड विषय, शिवणीवर रुतलेली वार. याला प्लॅसेंटा अक्रीटा म्हणतात. खोल गेली तर इन्क्रीटा, गर्भपिशवी ओलांडून लघवीच्या पिशवीपर्यंत पोचली तर पर्क्रीटा. मूळ कारण सिझर. शिवणीच्या जागी गर्भपिशवीचं आतलं अस्तर नीट भरून येत नाही, तिथे वार बसली की तिला थांबवणारा थर नसतो. अमेरिकेतल्या तीस हजारांवर सिझरांच्या २००६ च्या अभ्यासातले आकडे प्रत्येक सेंटरच्या भिंतीवर असावेत असे आहेत: वार प्रिव्हिया असेल आणि आधी एकही सिझर नसेल तर अशी रुतलेली वार शंभरात तिघींना, एक सिझर झालं असेल तर अकरा, दोन झाली असतील तर चाळीस, तीन झाली असतील तर एकसष्ट. म्हणजे दोन सिझर झालेल्या बाईची वार समोर खाली दिसली तर नाणं जवळपास उलट पडलंच आहे असं धरून चालायचं, मग रिपोर्टात चिन्हं असोत वा नसोत.

सोनोग्राफीत बघायची चिन्हं ठरलेली आहेत. वारेत वेड्यावाकड्या मोठ्या पोकळ्या, त्यांत खदखदणारा प्रवाह. वार आणि भिंत यांच्यामधली काळी रेघ नाहीशी. भिंतीची जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी. लघवीच्या पिशवीची पांढरी रेषा तुटलेली. तिथून वारेत शिरणाऱ्या वाहिन्या. गर्भपिशवी खालून फुगलेली. पण बघण्याची रीत चुकली की चिन्हं खोटी निघतात. पट्टी जोरात दाबली तर काळी रेघ दाबूनच जाते आणि निरोगी वारही रुतलेली वाटते. लघवीची पिशवी रिकामी असेल तर तिची भिंत दिसतच नाही. इथे २०० ते ३०० मिलिलिटर लघवी हवी. हो, वर सांगितलं त्याच्या उलट: अंतर मोजायला रिकामी, शिवण बघायला अर्धी भरलेली. एकाच भेटीत दोन्ही करता येतं, आधी भरलेल्या पिशवीने आणि मग लघवी करून आल्यावर. कलर फार वाढवला तर सगळीकडे वाहिन्या दिसतात.

एमआरआयचा आग्रह कोकणात अनाकलनीय आहे. अनुभवी हातांची सोनोग्राफी झाली असेल तर तो बहुधा नवं काही सांगत नाही. वार मागे असेल किंवा आजूबाजूला किती पसरली आहे हे शस्त्रक्रियेआधी हवं असेल तर उपयोग. २८ ते ३२ आठवड्यांत, चित्र उठावदार करणारं गॅडोलिनियमचं इंजेक्शन न देता. विसाव्या आठवड्यात काढलेला एमआरआय पैशांचा अपव्यय. त्या पैशांत कोल्हापूर किंवा बांबोळीला जाऊन या विषयातल्या जाणकाराकडून एक सोनोग्राफी होते, ती जास्त कामाची.

यातलं सर्वांत आधीचं पाऊल तर जवळपास कुठेच उचललं जात नाही. आधी सिझर झालेल्या बाईला सहा ते नऊ आठवड्यांतच आतून सोनोग्राफी करून गर्भ शिवणीत बसलाय का हे बघायचं. तेव्हा सापडलं तर पर्याय उरतात आणि धोकाही कमी. बारा आठवड्यांनंतर गर्भ वर वाढतो, शिवण झाकली जाते आणि रिपोर्टात "गर्भ पिशवीत, ठोके चांगले" एवढंच येतं. आपल्याकडे पहिली सोनोग्राफी अनेकदा तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस होते.

निदान झाल्यावरचं नियोजन म्हणजे ३४ ते ३६ आठवड्यांत ठरवून शस्त्रक्रिया. पोटाचा छेद बहुधा उभा, पिशवीचा छेद वार टाळून वरच्या भागात, बाळ काढायचं, वारेला हात लावायचा नाही, आणि वारेसकट गर्भपिशवी काढायची. वार ओढून बघू म्हणण्यातच रक्त जातं. चार ते सहा पिशव्या जुळवलेलं रक्त, सोबत प्लाझ्मा, मोठे दोन सलाइनचे मार्ग, वरिष्ठ भूलतज्ज्ञ, लघवीच्या पिशवीचा शल्यचिकित्सक आणि बाळासाठी अतिदक्षता, हे सगळं एका छताखाली लागतं. तालुक्याच्या रुग्णालयात पोट उघडल्यावर अचानक पिशवीवर जांभळा फुगवटा आणि जाळीदार वाहिन्या दिसल्या, आणि बाई व बाळ दोन्ही स्थिर आहेत, रक्त जात नाही, तर पिशवी न कापता पोट बंद करून मोठ्या ठिकाणी पाठवणं हा पराभव नाही. तो मान्य मार्ग आहे. इतकं सांगायला कुणी तयार नसतं म्हणून लिहिलं.

रक्ताचा मुद्दा कोकणात वेगळाच. ग्रामीण रुग्णालयात असते ती रक्त साठवणूक, रक्तपेढी नाही. मोजक्या पिशव्या असतात आणि प्लाझ्मा-प्लेटलेट बहुधा नसतात. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, त्यामुळे त्या साठवून ठेवायची गोष्टच नव्हे. जुळवणीला तास-पाऊण तास जातो. निगेटिव्ह गट आपल्याकडे शंभरात पाचेक जणांचा, म्हणून गट आठव्या महिन्यात नव्हे, पहिल्याच भेटीत कळला पाहिजे आणि वार खाली असेल तर दोन निगेटिव्ह दातेही तेव्हाच शोधून ठेवायचे. निगेटिव्ह गटाच्या बाईच्या अंगावरून रक्त गेलं की, बाळाच्या रक्ताविरुद्ध तिच्या अंगात प्रतिपिंडं बनू नयेत म्हणून, ७२ तासांत अँटी-डीचं ३०० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. हे तालुक्यात विसरलं जातं, कारण सगळ्यांचं लक्ष रक्त थांबवण्याकडे असतं. वार खाली असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन अकराच्या वर ठेवणं हाच खरा विमा. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. तिसऱ्या तिमाहीतही आठ-नऊच असेल तर गोळ्यांच्या भरवशावर न राहता शिरेतून लोह, म्हणजे फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, एका वेळी १००० मिलिग्रॅमपर्यंत. या भागात सरकारी सेवा चांगली झाली आहे; पाचपैकी चार.

घाटाचा हिशेब निदानातच धरावा लागतो. जून ते सप्टेंबरात आंबा घाटात दरड आली की रत्नागिरीहून कोल्हापूर, एरवीचे सव्वाशे-दीडशे किलोमीटर, अंदाजापलीकडे जातं. करूळ, फोंडा, आंबोली यांची गत वेगळी नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्यात गेलं तेव्हा रुग्णालयंही त्यातून सुटली नाहीत. खाडी ओलांडणारी फेरीबोट रात्री नसते. मग प्रिव्हिया असलेल्या बाईचं ३६-३७ आठवड्यांचं सिझर जुलैत येत असेल तर ३४ व्या आठवड्यापासून तिने मोठ्या रुग्णालयाच्या अर्ध्या तासाच्या परिघात राहायला हवं, मग ते ओरोस असो, रत्नागिरी असो, डेरवणचं वालावलकर रुग्णालय असो की कोल्हापुरातल्या मावशीकडे. ओरोस आणि रत्नागिरी इथे आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यामुळे साधी प्रिव्हिया जिल्ह्यातच होऊ शकते. पर्क्रीटाचा संशय असेल तर मात्र आधीच पुढे जायचं. गणपतीच्या आठवड्यात महामार्गावरची कोंडी हाही वैद्यकीय मुद्दाच आहे, हसण्यावारी नेऊ नये.

माहेरपणाची गोष्टही इथेच येते. मुंबईतली चाकरमानी घरातली सून सातव्या महिन्यात बाळंतपणाला राजापूरला येते, फाइल कपाटात डोंबिवलीला राहते, आणि फोनमध्ये रिपोर्टाचा एक तिरपा फोटो. त्यात बाळाचं वजन दिसतं, वारेची ओळ कापली गेलेली असते. पूर्ण फाइल, आधीच्या सिझरचं डिस्चार्ज कार्ड आणि रक्तगटाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर आणणं एवढं तरी घरच्यांनी करावं.

रक्त सुरू झालं तर काय, हे सेवेच्या कागदावर क्वचित छापलेलं असतं. दुखत नसताना लाल रक्त गेलं तर प्रिव्हियाची शंका. पोट लाकडासारखं कडक, सतत दुखतंय, रक्त थोडं किंवा अजिबात नाही, तर वार सुटल्याची. या दुसऱ्या प्रकारात सोनोग्राफी फसवते. ताजं रक्त वारेसारखंच दिसतं, त्यामुळे निम्म्याहून अधिक वेळा चित्र नॉर्मल येतं. नॉर्मल सोनोग्राफी दाखवून घरी पाठवलेली बाई सहा तासांत बाळ गमावून परत येऊ शकते. बीपी वाढलेली असेल, स्कूटरवरून पडली असेल, पोटाला मार लागला असेल तर चित्राऐवजी पोटावरचा हात, बाळाचे ठोके आणि नाडी यांच्यावर विश्वास ठेवायचा. घरून निघताना १०८ ला फोन, बाई डाव्या कुशीवर, भिजलेले पॅड मोजायला बरोबर. आरोग्य केंद्रात बोटांनी आत तपासणी नाही. हाताला १६ किंवा १८ नंबरची दोन सलाइनं, रक्ताचा नमुना, आणि पुढच्या रुग्णालयाला फोन करून अंतराचा आकडा सांगणं. ३४ आठवड्यांआधी असेल तर निघण्याआधीच डेक्सामेथासोन (बाळाच्या फुफ्फुसांसाठीचं स्टिरॉइड) ६ मिलिग्रॅमचा पहिला डोस. पुढचे तीन बारा-बारा तासांनी. १०८ ची सेवा साधारण बरी, पण रुग्णवाहिकेत रक्ताची पिशवी नसते हे लक्षात ठेवून वेळ धरायची.

उरलेले दुर्मिळ प्रकार थोडक्यात. वारेत नाळेजवळ गोल गाठ, आत बाळाच्याच ठोक्यांनी वाहणारं रक्त, तर ती कोरिओअँजिओमा. चार सेंटिमीटरच्या आत असेल तर बहुधा निरुपद्रवी. त्यापुढे गेली तर दर एक-दोन आठवड्यांनी बाळाभोवतीचं पाणी, बाळाच्या मेंदूतल्या मधल्या धमनीतल्या रक्ताचा वेग आणि बाळाच्या अंगावरची सूज बघायची. वेग सरासरीच्या दीडपट झाला तर बाळात रक्त कमी आहे असं समजून गर्भवैद्यक केंद्राकडे. आणि वार मधमाशांच्या पोळ्यासारखी दिसली तर लगेच द्राक्षगर्भ (बाळाऐवजी वारेचे फुगे वाढणं) म्हणून गर्भपाताचा सल्ला देऊ नये. बाळ नीट वाढतंय, रचना चांगली आहे, तर ते मेसेंकायमल डिसप्लेसिया असू शकतं. गर्भजलाची तपासणी करून गुणसूत्रं बघायची, मग ठरवायचं. अशी बाळं जगतात, जरी वाढ खुंटण्याचा धोका असतो. तालुक्यात हे ओळखावं अशी अपेक्षा नाही. "वेगळं दिसतंय, पुढे दाखवा" एवढं लिहिलं तरी पुरे.

शेवटचा टप्पा सगळ्यांत दुर्लक्षित. बाळंतपणात वार अर्ध्या तासात आपणहून सुटली नाही तर नाळ ओढत बसायचं नाही; ऑक्सिटोसिन (गर्भपिशवी आकसवणारं औषध) दिलेलं असावं, सलाइन सुरू, आणि पुढे पाठवायचं. रक्त गेलं तर ते थांबवायला ट्रॅनेक्झामिक ॲसिड एक ग्रॅम शिरेतून, प्रसूतीपासून तीन तासांच्या आत. नंतर त्याचा फायदा उरत नाही. सुटून आलेली वार मात्र पिवळ्या पिशवीत जाण्याआधी पाण्याखाली धरून बघायची असते: तुकडा कमी आहे का, पडद्यात फाटकी वाहिनी कडेपर्यंत येऊन थांबली आहे का (म्हणजे दुसरा तुकडा आतच राहिला), नाळ कुठे जोडली होती. बघायला दोन मिनिटं, लिहायला एक ओळ. बाळ अचानक गेलं असेल, वाढ खुंटली असेल किंवा वारेत गाठ असेल तर ती फॉर्मलिनमध्ये पॅथॉलॉजीकडे. कोकणात हे होतं तिथे होतं, एरवी वार बादलीत आणि निरीक्षण कुणाच्याच कागदावर नाही. या टप्प्याला पाचपैकी एक.

आणि डिस्चार्ज कार्ड. सिझर झालेल्या प्रत्येक बाईच्या कार्डावर टाक्यांच्या तारखेखाली एक वाक्य हवं: पुढच्या वेळी दिवस राहिले की सहाव्या-सातव्या आठवड्यात आतून सोनोग्राफी करून गर्भ शिवणीपासून किती लांब आहे ते लिहून घ्या.